चार बोटं जास्तीची

"मी लग्नाला येणार नाही," असं पोपटराव तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा मी हातातला खडू खाली ठेवला. मुलीच्या बापाला मुलीच्या लग्नाला जायचं नाही, आणि ते सांगायला तो बायको-मुलाला घेऊन पर्वतीहून रिक्षा करून शिंप्याकडे येतो. आमच्या पुण्यात माणसं निषेधसुद्धा भलत्याच ठिकाणी नोंदवतात.

मी नासिर. सदाशिव पेठेत माझं शिवणाचं दुकान आहे आणि अर्ध्या शहरातल्या शाळकरी मुलींचे स्कर्ट मी शिवलेले आहेत. पुरुषांच्या पँटा फक्त ओळखीवर शिवतो. पोपटराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, आणि नोकरीतली त्यांची एकूण एक पँट माझ्या हातची. मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, सोळा इंच. सव्वासोळा झाली तर परत आणायचे.

दीड महिन्यापूर्वी स्वारगेटच्या चौकात त्यांची स्कूटर घसरली आणि डाव्या नडगीचे दोन तुकडे झाले. डॉक्टरांनी पायाभोवती लोखंडी कडी बसवली, त्यांतून आरपार सळ्या घातल्या आणि तीन महिने हे असंच राहील म्हणून सांगितलं. त्या कड्यांवरून कुठलीही पँट चढेना. घरात लुंगीवर भागत होतं. पण अक्षताचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, लग्न आता बारा दिवसांवर आलं होतं. लग्नासाठी शिवलेला कोट अपघाताच्या आधीपासून माझ्याकडे हँगरला लटकत होता.

मी एक प्रयत्न करून पाहिला होता. पँटीचा डावा पाय बाजूनं उसवला, घेर वाढवला, चिकटपट्टी लावली. पोपटरावांनी आरशात बघितलं. "उजवा पाय माझा आहे," ते म्हणाले. "डावा मांडववाल्याचा दिसतोय."

"मग लुंगी नेसा की," त्यांच्या पत्नी प्रेमलावहिनी म्हणाल्या. "पांढरी, कडक इस्त्रीची. दक्षिणेत मंत्री नेसतात."

"दक्षिणेत नेसू देत."

या हट्टामागचं कारण मला ठाऊक होतं. पोपटरावांचे वडील गाव सोडून खडकीला कारखान्यात लागले. गावात त्यांच्या वस्तीतल्या कुणी इस्त्रीचे कपडे घातले, तर चावडीवरची माणसं त्याला हाक मारून थांबवायची आणि कुठला साहेब लागून गेलास, असं विचारायची. पहिल्या पगारात वडिलांनी पँट शिवून घेतली आणि पुढे मरेपर्यंत पँट घातल्याशिवाय ते घराबाहेर पडले नाहीत. मुलालाही तेच शिकवलं. चारशे माणसांपुढे लुंगीवर बसायचं म्हणजे पोपटरावांच्या लेखी बापाचा शब्द मोडायचा. म्हणून मला राग त्यांचा येत नव्हता, स्वतःचा येत होता. चाळीस वर्षं कात्री चालवतोय, आणि एका माणसाला त्याच्या मुलीच्या लग्नाला पोचवता येत नाही.

इतका वेळ त्यांचा मुलगा चेतन फोनमध्ये डोकं घालून बसला होता. तो हिंजवडीला आयटीत आहे, त्यामुळे आम्ही समजलो की काम करतोय.

"बाबा, किल्ट," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"किल्ट. स्कॉटलंडचे पुरुष घालतात. आता मॉडर्न, कॅज्युअल टाइपचे पण निघालेत. पॉकेट्स असतात. पायाचा प्रॉब्लेमच संपला!"

त्यानं फोन माझ्यापुढे धरला. एक दाढीवाला गडी कॉफीचा पेला घेऊन उभा होता. मी चष्मा लावला. पुढे सपाट पदर एकावर एक, मागे चुण्या, लांबी गुडघ्यापर्यंत.

"हा स्कर्ट आहे," मी म्हणालो. या विषयात माझा शब्द शेवटचा मानतात.

"नाही चाचा, स्कर्ट वेगळा, किल्ट वेगळा."

"अरे, मी दिवसाला सहा शिवतो. मला शिकवू नकोस."

पोपटराव मात्र फोनकडे टक लावून बघत होते. "हे कोटाखाली घालतात?" त्यांनी विचारलं. चेतननं पुढचा फोटो काढला. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा, कोट, टाय आणि खाली किल्ट. चेहरा असा, की याला कुठला साहेब लागून गेलास, असं विचारायची कुणाची छाती झाली नसती.

"टायसुद्धा," पोपटराव हळूच म्हणाले.

ऑनलाइन मागवला तर वीस दिवस लागणार होते. म्हणजे काम माझ्याच गळ्यात आलं. मी टेप काढला. चेतन फोनवर वाचून सूचना देऊ लागला, माप बेंबीशी घ्यायचं की कमरेशी यावर माझ्याशी वाद घालू लागला. पोपटरावांना लांबी घोट्यापर्यंत हवी होती. कडी दिसायला नकोत.

"मग तो खरंच स्कर्ट होईल, बाबा."

पोपटरावांनी पायाच्या कड्यांवरून हात फिरवला. "बरं, गुडघ्यापर्यंत. दिसू देत कडी. पडलोय मी, चोरी नाही केली."

"आणि आत काय घालतात?" मी विचारलं. धंद्याचा प्रश्न होता. चेतननं वाचलं आणि त्याचे कान लाल झाले. "ट्रॅडिशनली... म्हणजे... काही नाही."

"आत हाफ पँट," प्रेमलावहिनी म्हणाल्या. "परंपरा त्यांची, लग्न आपलं." तो विषय तिथेच संपला.

मग कापड. काळा नको, लग्न आहे. पांढरा नको, बौद्ध लग्नात तो नवरा-नवरीचा. खाकी घातला तर पाहुणे गाड्या कुठे लावू विचारतील, असं पोपटरावच म्हणाले. चेतन म्हणाला, खरा किल्ट चौकडीचाच असतो आणि तिकडे प्रत्येक घराण्याची चौकडी ठरलेली असते. चौकडी बघून माणूस कुठला ते कळतं.

मला हसू आलं. "मग त्यात विशेष काय? इथेही तसंच आहे." मी मागच्या फळीवरचे तागे दाखवले. ही लाल चौकडी कॅम्पातल्या शाळेची. ही तपकिरी नदीपलीकडची. यातली कुठलीही घालून रस्त्यावर जा, दहावीतली पोरगी लांबून शाळेचं नाव सांगेल.

"ही हिरवी बरी आहे," चेतन म्हणाला.

"ती नको." पोपटराव ताठ झाले. "त्यांनी अक्षताचा अर्ज न वाचता परत दिला होता. मी पहाटे पाच वाजता रांगेत उभा होतो. त्यांचं कापड मी अंगाला लावणार नाही."

मग मी स्टूल घेतलं आणि वरच्या फळीवरून एक जुना तागा काढला. गडद निळ्यावर पांढरी चौकडी आणि मधून बारीक लाल रेघ. अक्षताला ज्या शाळेनं घेतलं, तिची. मुख्याध्यापिका बदलल्या, गणवेश बदलला आणि सहा मीटर कापड माझ्याकडे पडून राहिलं. दोघातिघांनी टेबलक्लॉथला मागितलं, मी दिलं नाही. का दिलं नाही, ते मला सांगता येणार नाही.

प्रेमलावहिनींनी कापड हातात घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचवी ते दहावी, दर जूनला त्या अक्षताला घेऊन यायच्या आणि एकच गोष्ट बजावायच्या, "नासिरभाई, खाली चार बोटं दुमड जास्तीची ठेवा. पुढच्या वर्षी सोडू." दर वर्षी मी दुमड सोडायचो आणि स्कर्टवर जुन्या घडीची एक फिकट रेघ उरायची. इतर मुली नवा स्कर्ट घालायच्या. अक्षता दोन रेघांचा घालायची आणि पहिली यायची.

"आमच्या घराण्याची चौकडी हीच," पोपटराव म्हणाले. "हीच शिवा."

आठ दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. चुणी घातली तरी चौकडी मोडता कामा नये, रेघेला रेघ भिडली पाहिजे. दोनदा उसवलं. माझी बायको फरहत चुण्यांवर इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, "मुली संपल्या वाटतं, आता त्यांचे बाप." माझ्या मनात मात्र धास्ती होती. लोक हसले, तर पोपटराव आल्या पावली परत फिरतील, आणि त्याचं पाप माझ्या सुईवर.

लग्न लोणी काळभोरला होतं, मुलाकडच्यांच्या गावी. शिवणारा हजर पाहिजे, असा वहिनींचा हुकूम असल्यामुळे मी खिशात सुई-दोरा आणि बारा सेफ्टीपिना घेऊन गेलो. पोपटराव गाडीतून उतरले. वर कोट, टाय, खाली निळी चौकडी, एका पायात चकचकीत बूट, दुसऱ्याला लोखंडी कडी, काखेत कुबड्या. दारातली माणसं बोलायची थांबली. कुणीतरी फिसकन हसलं. पोपटरावांनी मागे वळून गाडीकडे बघितलं.

तेवढ्यात नवरदेवाचे चुलते नागोराव पुढे आले. फेटा, मिशा, मोकळा आवाज. "पाव्हणं, ह्ये काय म्हनायचं? लुंगी म्हनावी तर मागं चुन्या, घागरा म्हनावा तर वर टाय!"

आता मात्र बरेच जण हसले. पोपटराव कुबड्यांवर ताठ उभे राहिले.

"हा माझ्या मुलीच्या शाळेचा गणवेश आहे," ते म्हणाले. "सहा वर्षं तिनं घातला. आज मी घातलाय."

हसणं थांबलं. नागोरावांनी खालपासून वरपर्यंत पुन्हा एकदा नीट बघितलं. "आसं व्हय," ते म्हणाले. "मंग बराबर हाय." मग जवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "खिसं हायेत का?"

पोपटरावांनी कुबड्या काखेत दाबून दोन्ही हात खिशांत घालून दाखवले. नागोरावांनी मान डोलावली, स्वतः त्यांच्या दंडाला धरलं आणि आत नेलं.

आत अक्षताच्या शाळेतल्या मैत्रिणी तनुजा आणि निशा बसल्या होत्या. तनुजा ओरडलीच, "अगं, आपला स्कर्ट!" दोघी धावत आल्या आणि प्रार्थनेच्या रांगेत उभ्या राहाव्यात तशा पोपटरावांशेजारी सावधान उभ्या राहिल्या. फोटो निघाले. पुढचा अर्धा तास कुणी नवरदेवाकडे बघितलं नाही.

बौद्धाचार्यांनी वंदनेला उभं राहायला सांगितलं, तेव्हा पोपटराव कुबड्या वहिनींच्या हातात देऊन, खुर्चीची पाठ धरून, शेवटपर्यंत उभे राहिले. मी सगळा वेळ किल्टच्या कमरेला लावलेल्या बकलाकडे बघत होतो. बकल हललं नाही.

वंदना झाली, हार घालून झाले. पांढऱ्या साडीतली अक्षता वडिलांपाशी आली. त्यांचा पाय स्टुलावर नीट ठेवायला ती खाली वाकली, किल्टचा काठ सारखा करायला गेली आणि थांबली. तिनं काठ उलटा केला, आत बोटं लावून मोजली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"नासिरचाचा," ती म्हणाली, "चार बोटं?"

मी जवळ जाऊन बघितलं. खरंच, आत चार बोटं दुमड जास्तीची होती. एकसष्ट वर्षांच्या माणसाला. ते कापड हातात आलं आणि हातांनी मला न विचारता सवयीनं दुमडलं होतं. चाळीस वर्षांत इतकी लाज मला वाटली नव्हती.

"काय हे, नासिरभाई!" वहिनी म्हणाल्या आणि हसता हसता पदरानं डोळे पुसू लागल्या. अक्षता तशीच, काठ हातात धरून, जमिनीवर बसून रडत होती.

मी खिशातली सुई काढली. "दोन मिनिटं द्या. आत्ता उसवून कमी करतो."

पोपटरावांनी माझा हात धरला आणि दुसरा हात अक्षताच्या डोक्यावर ठेवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी सोडू."