गादीवर पडायला शिकलेला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेला बांधायचा. पण विजार सावरणारा नव्हे. ते बिचारे निदान काहीतरी सावरतात. माझ्या बक्कलामागे एक चपटी डबी आहे, आणि त्या डबीत बॅटरी, चिप आणि नाजूक तारांचं जाळं आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी मला बांधायचं, आणि ती पडली की मी त्यांच्या मुलाच्या फोनवर बोंब मारायची, यासाठी माझा जन्म झाला. हल्ली मी एका काचेच्या पेटीत लोळत असतो. इथून माणसांचं निरीक्षण छान होतं. फार काही हाती लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

मी जन्मलो ती खोली मोठी आणि चकचकीत होती. खुर्च्यांना चाकं, भिंतींवर लिहायची मुभा, आणि कोपऱ्यात कॉफीचं यंत्र. त्या खोलीत सगळ्यांत जास्त काम तेच करायचं. कंपनी ज्याची होती त्याला सगळे कॅप्टन म्हणत. जहाज सोडाच, त्यानं कधी साधी होडीही वल्हवली नव्हती. भिंतीवर बाण काढायची मात्र त्याला भारी हौस. या टोकाला ‘समस्या’, त्या टोकाला ‘उपाय’, आणि मधे बाण. बाण काढून झाला की तो हात झटकायचा, जणू काम संपलं.

खरं काम करायची एक इंजिनिअर मुलगी. माझ्या तारा तिनं जोडल्या. पण पडणं म्हणजे काय, हे मला कोणीतरी शिकवायला हवं होतं. त्यासाठी एक जाडजूड गादी आणली गेली. मग एकेकानं मला बांधायचं आणि गादीवर पडायचं. कोणी पुढे पडलं, कोणी मागे. कोणी पडता पडता हसत होतं. एकानं तर केस नीट करून घेतले आणि म्हणाला, “आता काढ व्हिडिओ.” आणि पडला. मित्रांनो, खाली गादी आहे हे ज्याला ठाऊक असतं, तो ज्या दिमाखात पडतो तसं जगात दुसरं कोणी पडत नाही. मला मात्र तेवढंच शिकवलं गेलं. आधी वेग, मग धप्प, मग शांतता. झालं पडणं.

“एखाद्या वयस्कर माणसाला बोलवायचं का?” इंजिनिअर मुलीनं विचारलं होतं.

“बोलवून करणार काय? गादीवर पाडणार?” कॅप्टन म्हणाला.

सगळे खो खो हसले. तीही हसली. पाडायचं कोणालाच नव्हतं हो, फक्त विचारायचं होतं. पण विचारायचं म्हणजे कोणाच्या तरी घरी जा, त्यांच्या गुडघ्यांची कथा पहिल्यापासून ऐका, मधेच घड्याळ बघू नका. एवढा उपद्व्याप कोण करतो? गादी आयती समोर होती.

पुढे एका मोठ्या सभागृहात कॅप्टन मला बांधून स्टेजवर चढला. आवाज कापरा करून म्हणाला, “माझी आई एकटी राहते. हे मी तिच्यासाठी बनवलं.” आणि धाडकन पडला. मी बोंब मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी डोळेही पुसले. कॅप्टनला ढाल मिळाली, आणि ढालीबरोबर एक जाडा धनादेश.

त्याची आई पहिल्याच रांगेत बसली होती. ही बाई निवृत्त बस कंडक्टर. उभा जन्म चालत्या बसमध्ये काही न धरता उभी राहिलेली. टाळ्या थांबल्यावर शेजारच्या बाईंना म्हणाली, “माझ्यासाठी बनवलंय होय? मला आत्ताच कळतंय!”

दुसऱ्या दिवशी कॅप्टन मला घेऊन तिच्या घरी गेला. दोन खोल्यांचं घर. खिडकीखाली बस वळायची, आणि जुने ड्रायव्हर तिला बघून अजून हॉर्न द्यायचे. ती आतून हात करायची. तेवढ्यासाठी सकाळी वेणीफणी आटपून बसायची.

“आई, एकटी राहू नकोस. आमच्याकडे चल.”

“तुमच्या बाराव्या मजल्यावर? तिथे मला हॉर्न कोण देणार, कबुतरं?”

“बरं, मग हा पट्टा बांध. पडलीस असं पट्ट्यानं सांगितलं, की सामान बांधायचं आणि निघायचं. तोवर राहा इथे.”

आईनं मला उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, “पट्टा सांगेल ते खरं?”

“पट्टा सांगेल ते खरं.”

“कबूल.”

बघा हं, मित्रांनो. मला तिची काळजी घ्यायला बनवलं होतं म्हणे. पहिल्याच दिवशी मला तिच्या घरावरचा पहारेकरी केलं. मी वाजलो की तिचं घर गेलं.

आणि मी वाजायचो कशाला? ती खुर्चीत बसली की. कंडक्टर लोक हळूच बसत नाहीत. दोन स्टॉपांच्या मधे टेकायला मिळालं की धपकन बसायचं, ही तिची सवय. आधी वेग, मग धप्प, मग शांतता. कॅप्टन मीटिंग सोडून धावत आला.

“आई! पडलीस?”

“बसले.”

“असं बसतात का?”

“मग तुझ्या पट्ट्याला विचारून बसू?”

त्या खेपेला त्यानं सोडून दिलं. पण नंतर ती खरंच मला विचारून बसू लागली. काचेचं भांडं टेबलावर ठेवावं तशी स्वतःला खुर्चीत ठेवायची. रेडिओवर गाणं लागलं की पूर्वी ताल धरून फिरायची म्हणे. मी आल्यापासून नुसती बोटं हलवायची. माझ्या धाकानं एक तरतरीत बाई म्हातारी झाली. याला ते लोक यशस्वी चाचणी म्हणत.

मग तो दिवस आला. भर दुपारी आई स्वयंपाकघरात खालच्या कप्प्यातला डबा काढायला वाकली आणि तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. तिनं फ्रिजचं दार धरलं. दार उघडत गेलं, आणि ती त्याच्या कडेनं हळूहळू, ओला टॉवेल दोरीवरून घसरावा तशी, खाली आली. ना वेग, ना धप्प. जमिनीवर पोचली तेव्हा तिचा पाय अंगाखाली मुडपलेला होता, आणि तिला उठता येईना.

मी काय केलं? कॅप्टनच्या फोनवर एक हसरा निरोप धाडला : ‘आईंनी आज छान विश्रांती घेतली!’

हो, धप्प न होता नुसती शांतता आली की धाडायचा असा निरोप माझ्यात भरलेला होता. त्यासाठी खास एक मीटिंग झाली होती.

आईनं पळीनं भिंत ठोकली. पलीकडच्या शेजारणीकडे घराची किल्ली होती, पण ती स्वतः तिच्या पार्लरमध्ये. फोन बाहेरच्या खोलीत. उघड्या फ्रिजचा गारवा तिच्या अंगावर येत होता. पाय सुजायला लागला. तिनं माझ्या बक्कलावर हात ठेवला, काढून घेतला, पुन्हा ठेवला. खिडकीखाली बस वळली, हॉर्न वाजला. तिचा हात आपसूक वर गेला, पण जमिनीवरून तो कोणाला दिसणार?

मग तिनं मला कमरेवरून सोडवलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून समोरच्या भिंतीवर भिरकावलं. वेग, धप्प, शांतता. मी बोंब मारली.

कॅप्टन आला. सोबत इंजिनिअर मुलगी. दारातूनच तो ओरडला, “वाजला! बघितलंस? वाजला!” आई जमिनीवर होती, आणि हा भिंतीपाशी जाऊन मला उचलत होता. आईला उचललं ते त्या मुलीनं.

खुर्चीत टेकल्यावर, पायाला बर्फ लावून घेत, आई म्हणाली, “त्याच्या आधी फोनवर काय आलं ते वाच.”

कॅप्टननं वाचलं. मनातल्या मनात.

“मोठ्यानं वाच.”

“छान विश्रांती घेतली.”

“तेव्हा मी पडले होते, बाळा. तू म्हणाला होतास पट्टा सांगेल ते खरं. मग मी विश्रांती घेत होते. वाजला तेव्हा पडला तो पट्टा, मी फेकलेला. माझं घर माझ्याकडे. आणि पट्टा खोटं सांगत असेल, तर त्याच्या सांगण्यावरून घर कसलं सोडायचं? तसं असेल तर उद्या तुझ्या पैसेवाल्यांनाही सांग, पट्टा खोटा आहे म्हणून.”

दुसऱ्या दिवशी कंपनीत पैसे घालणारे लोक पट्टा बघायला येणार होते. कॅप्टन एकदा आईकडे बघे, एकदा माझ्याकडे. आईच्या पायाकडे काही त्यानं बघितलं नाही.

“पट्टा खरा आहे,” तो शेवटी म्हणाला.

“मग मी राहते.”

तो जिन्यात फोन करायला गेला. पट्ट्यानं जीव वाचवला, हे जगाला सांगायचं होतं ना. इंजिनिअर मुलगी मात्र फ्रिजपाशी जमिनीवर बसली. “काकू,” ती म्हणाली, “नेमक्या कशा पडलात? अगदी पहिल्यापासून सांगा.”

“पहिल्यापासून? गुडघ्यांपासून सांगावं लागेल.”

“सांगा.”

डॉक्टर येईपर्यंत आई बोलत होती, आणि मुलीनं एकदाही घड्याळ बघितलं नाही. पुढे तिनं ती नोकरी सोडली, कितीतरी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसली आणि दुसरा पट्टा बनवला. त्याला घसरणं कळतं. आणि निरोप कोणाला जावा, हे ज्याच्या कमरेला पट्टा तोच ठरवतो. आईनं शेजारणीचं नाव सांगितलं. कॅप्टनला ते अजून ठाऊक नाही.

माझी पेटी कॅप्टनच्या त्याच चकचकीत खोलीत आहे. तिच्याखाली लिहिलंय : ‘पहिला जीव वाचवणारा पट्टा.’ लोक येतात, फोटो काढतात. मित्रांनो, माझी धूळ पुसायची, मला जपायची काही गरज नाही. तुम्ही स्वतःला जपा. कारण समोरच्या भिंतीवर कॅप्टननं नवा बाण काढलाय. आता तो लहान मुलांसाठी काहीतरी बनवतोय. तुम्हाला रडू आलं की तुमच्या आईबाबांना आपोआप कळवणारं. सध्या रोज दुपारी दाढीमिशा वाढलेले लोक गोल करून बसतात आणि रडायचा सराव करतात.

तुम्हाला कोणी येऊन विचारलं का, की तुम्ही कधी रडता, कशासाठी रडता, आणि ते कोणाला कळलेलं तुम्हाला चालेल? नाही ना? मग तुम्हीच जा त्यांच्याकडे. दार वाजवा, आणि आत जाऊन सांगा.