बाबा वगळून

माझ्या फीड रीडरमध्ये, म्हणजे सगळ्या ब्लॉगांच्या नव्या पोस्ट एका जागी दाखवणाऱ्या ॲपमध्ये, एकशे चाळीस ब्लॉग आहेत आणि न वाचलेली पोस्ट एकही नाही. बाकीच्यांच्या रीडरमध्ये हजारो पोस्ट साचून राहतात आणि ते "वेळच मिळत नाही गं" म्हणून गळा काढत बसतात. वेळ कुणाला मिळतो? तो काढावा लागतो, आणि काय वाचायचं नाही हे आधी ठरवावं लागतं.

माझे नियम सोपे आहेत. सकाळी चहाबरोबर वीस मिनिटं, वर एक मिनिट नाही. आधी नुसती शीर्षकं बघायची. शीर्षकात दम नसेल तर पोस्ट गेली. पहिल्याच परिच्छेदात पाल्हाळ असेल तर तीही गेली. नव्वद दिवस गप्प बसलेला ब्लॉग यादीतून काढायचा, मग लिहिणारा कितीही थोर असो. आणि ज्या विषयाचा वीट आला, त्या शब्दावर फिल्टर लावायचा. तो शब्द जिच्यात असेल ती पोस्ट माझ्यासमोर येतच नाही, परस्पर 'वाचली' अशी खूण होऊन बाजूला पडते. निवडणूक, डाएट आणि 'माझा प्रवास' हे शब्द मी असेच हद्दपार केले. चौथा शब्द बाबा.

आता लगेच कपाळाला आठ्या घालू नका. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासते, अठ्ठावीस वर्षं झाली. दिवसभर मशीनचा आवाज, ओले हात, आणि बाहेरून गिऱ्हाइकांची घाई. धाकटा भाऊ बाबांजवळ राहतो, इथून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. तो पूर्वी भर कामात फोन करायचा आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की एक भिंग हमखास वाया जायचं. शेवटी मी त्याला म्हटलं, "फोन करू नकोस, मेसेजही नको. तुझा ब्लॉग आहे ना, त्यावर लिही. मी रोज वाचते. आणि शीर्षकं जरा स्पष्ट देत जा."

त्याने ऐकलं. तो माझं नेहमीच ऐकतो, तेच तर त्याचं चुकतं. त्याच्या ब्लॉगच्या कोपऱ्यात, तो किती जणांच्या यादीत आहे तो वाचकांचा आकडा दिसायचा: १. तो एक म्हणजे मी.

पण मग रोज बाबाच. बाबांचा खोकला, बाबांची लघवी, बाबांनी आज कोणती गोळी थुंकली. घशाखाली चहा उतरेना. लहानपणापासून त्या घरात बाबांचं सोडून दुसरं काही चाललं नव्हतं, आता माझी सकाळची वीस मिनिटंही त्यांनाच का द्यायची? मी फिल्टर लावला आणि मला खरंच हलकं वाटलं. भाऊ एकदम बरा लिहायला लागला, असंही वाटलं. गळणारा नळ त्याने कसा दुरुस्त केला, यावर तर मी अंगठासुद्धा दिला.

त्याच सुमारास त्याने नियम मोडून बाबांच्या डोळ्यांच्या नंबराची चिठ्ठी फोनवर पाठवली. ते कामाचं होतं, म्हणून चाललं. मी चष्मा स्वतः केला. फ्रेम हलकी निवडली, भिंगं हाताने घासली, डबीत कापसात बसवून पाठवली. पोचल्याचा मेसेज आला. मी उत्तर दिलं, "छान. आता पुढचं सगळं ब्लॉगवर."

त्यानंतर नळाची पोस्ट, लिंबाच्या कुंडीची पोस्ट, शेजारच्या मांजराची पोस्ट, आणि मग काही नाही. मधे तीनचार वेळा त्याचा फोन आला. मी कट केला आणि फोनमधलं तयार उत्तर पाठवलं: कामात आहे, ब्लॉगवर लिही. त्यावरही तिकडे सामसूम. लिहायला सांगितलं की यांचं घोडं अडतं, असं मी मनात म्हटलं. नव्वद दिवस भरले त्या सकाळी मी त्याचा ब्लॉग काढून टाकला. भाऊ असला म्हणून काय झालं, नियम सगळ्यांना सारखा. पुढे एका दुपारी त्याचे लागोपाठ तीन फोन आले, तेही कट करून तेच तयार उत्तर पाठवलं.

ब्लॉग काढल्यावर महिन्याभराने एका दुपारी तो दुकानात, थेट मागच्या खोलीत येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात मी पाठवलेली तीच डबी.

"अरे, तू? बाबांना कुणाजवळ ठेवून आलास?"

"बाबा गेले, ताई. आज अकरा दिवस झाले."

मी स्टुलावर बसले. "मला कळवलं नाहीस?"

"तीन फोन केले त्या दुपारी. तू तिन्ही कट केलेस. कामात आहे, ब्लॉगवर लिही, असं उत्तर आलं. मग लिहिलं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. पण तो गिऱ्हाइकासारखा खुर्चीत बसला आणि त्याने डबी माझ्या टेबलावर ठेवली.

"हा बघ जरा."

मी चष्मा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. डाव्या बाजूला साडेचार आला. म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. पुसून पुन्हा धरला. उजवीकडे एक. माझ्या वहीत बाबांच्या चिठ्ठीची नक्कल होती: उजवा साडेचार, डावा एक. भिंगं दोन्ही अचूक घासली होती आणि बसवताना अदलाबदल झाली होती. नवशिक्यासुद्धा हे दोनदा तपासतो. मी तपासलं नव्हतं, कारण माझं चुकत नाही.

"कळलं?" तो म्हणाला.

"हो."

"मला तिसऱ्याच दिवशी शंका आली. त्यांनी जुना चष्मा लावला तर अंधुक का होईना, पेपर दिसायचा. तुझा लावला की डोकं धरून बसायचे. पण काढायचे नाहीत. म्हणायचे, तिने केलाय तो चुकणार नाही, माझेच डोळे गेले. मी म्हटलं दुसऱ्याकडून तपासून आणतो, तर माझ्यावर ओरडले. म्हणे, तिच्या कामाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, तिचा अपमान होईल. तूच तिला लिही. मी लिहिलं. रोज लिहिलं. तू ये, नाहीतर चष्मा पाठवून देऊ का, एवढं तरी सांग. शेवटी मला वाटलं, ताई मुद्दाम करतेय."

खोटं बोलणार होते. इंटरनेट बंद होतं, आजारी होते, काहीही. पण बाहेर खरंच पडलं. "मी 'बाबा' या शब्दावर फिल्टर लावला होता. ते सोडून बाकीचं सगळं वाचत होते."

"बाकीचं काही नव्हतंच, ताई."

मशीन चालूच होतं, ते मी बंद केलं.

"संध्याकाळी ते विचारायचे, एक आहे का?" तो म्हणाला. "तो वाचकांचा आकडा. त्यांना स्वतःला दिसत नव्हता ना. मी सांगायचो, आहे. मग म्हणायचे, वाचतेय म्हणजे करेल. मागच्या महिन्यात शून्य झालं. तरी मी आहेच म्हणालो."

"कुणाकडे तरी निरोप द्यायचास. ओरडायचंस माझ्यावर."

"तू सांगितलं होतंस ना, ब्लॉगवर लिही." मग त्याने चष्मा माझ्याकडे सरकवला. "आता कर."

"आता? आता कशाला रे?"

"किती वेळ लागतो ते मला बघायचंय."

नाही म्हणायचं तोंड नव्हतं. दोन्ही भिंगं काढली. आकार उलटासुलटा होत होता म्हणून कडा थोड्या घासल्या, पुन्हा बसवली, स्क्रू आवळले, यंत्राखाली धरून पाहिलं. यावेळी दोनदा पाहिलं. तो सगळा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"वीस मिनिटं," तो म्हणाला आणि उठला.

"चष्मा घेऊन जा."

"कुणाला? तुझं काम आहे, तुझ्याकडे ठेव." दारात तो थांबला. "ब्लॉग काल बंद केला. वाचणारं कुणी नव्हतं."

तो गेल्यावर मी तिथेच, मागच्या खोलीत, रीडर उघडला. ब्लॉग यादीतून काढला तरी रीडर त्याच्या पोस्ट मागच्या मागे गोळा करत राहतो आणि फिल्टरने अडवलेल्यांची शीर्षकं जपून ठेवतो, हे मला माहीत होतं. एकशे सव्वीस होती. प्रत्येकीपुढे 'वाचली' अशी खूण. मी सांगितलं होतं तशीच शीर्षकं त्याने दिली होती, अगदी स्पष्ट.

ताई, बाबांच्या चष्म्यात काहीतरी चुकलंय.

बाबांना आज जिन्याची पायरी दिसली नाही.

बाबांनी पेपर बंद करायला सांगितला.

ताई, बाबा विचारतात कधी येतेस.

खाली गेले. तीच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत, कधी काकुळतीला येऊन, कधी चिडून. बाबा गेले, हेही तिथेच होतं, त्याच खुणेसह. त्याच्या आदल्या दिवशीचं शीर्षक होतं: बाबा म्हणतात, तिला त्रास देऊ नकोस, ती कामात असेल.

मी त्यावर बोट ठेवलं. पान उपलब्ध नाही, असं आलं. मग पहिल्यावर ठेवलं, दुसऱ्यावर ठेवलं, तसं एकशे सव्वीस वेळा करून पाहिलं. बाहेरून कुणीतरी विचारत होतं, चष्मा झाला का.