सहाची पंगत

बोटीवर रात्रीचं जेवण दोनदा वाढतात, एकदा सहाला आणि एकदा साडेआठला. कोण कधी बसणार ते तिकीट काढतानाच लिहून द्यावं लागतं, कारण टेबल ठरलेलं, खुर्ची ठरलेली आणि वाढपीही ठरलेला. थोरलीचा मुलगा फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, तू किती वाजता?"

"सहा." धाकटी भांडी पुसत होती, तिने मान वर केली नाही.

"आई, तू?"

"साडेआठ. सहाला दवाखान्यात जेवतात. ताप मोजायचा, गोळी गिळायची, पातळ काहीतरी प्यायचं आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. माझे हातपाय अजून धड आहेत."

मुलाने काकूपुढे सहा लिहिलं, आईपुढे साडेआठ, स्वतःचं आणि बायकोचंही साडेआठ, आणि बटण दाबलं. खोलीत चार माणसं होती आणि चौघांपैकी एकालाही यात काही वावगं दिसलं नाही.

दिसणार तरी कसं? या दोघी सख्ख्या जावा. कारखान्याच्या फाटकासमोर चौतीस वर्षं त्यांची खानावळ होती. कारखान्याची जेवणाची सुट्टी दोन तुकड्यांत व्हायची, साडेअकराला एक फळी, दीडला दुसरी. दोन्ही वेळा शेगडीपाशी घरचं माणूस पाहिजे. नोकरावर सोडलं की एक दिवस खारट, दुसऱ्या दिवशी करपट आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक समोरच्याकडे. म्हणून धाकटी पहिल्या फळीच्या आधी चार घास खाऊन घ्यायची आणि थोरली दुसरी फळी उठल्यावर बसायची. रात्रीही तीच तऱ्हा. एक बसली की दुसरी उभी. नवरे होते तेव्हा असंच चाललं, आणि नवरे एकामागोमाग एक गेले तरी कोणी ते बदललं नाही. मुलगा लहानाचा मोठा झाला तो हेच बघत. आई आणि काकू एका वेळी जेवत नाहीत, हे त्याला सूर्य आणि चंद्रासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी कारखाना दुसरीकडे हलला आणि खानावळीला कुलूप लागलं, पण दोघींच्या जेवायच्या वेळा तशाच राहिल्या. आता पुढल्या महिन्यात धाकटी कायमची लेकीकडे राहायला जाणार होती. लेक लांबच्या शहरात, पदरात दोन लहान पोरं, घरात मोठं माणूस हवं. धाकटीने हे सांगितलं तेव्हा थोरली म्हणाली, "जा की. कोणी दोरीने बांधून ठेवलंय?" आणि त्याच दुपारी माळ्यावरची मोठी पेटी काढून, पुसून, तिच्या पलंगाखाली सरकवली. जाण्याआधी दोघींना एकदा कुठेतरी न्यावं, म्हणून मुलाने ही बोट काढली. पाच रात्री, सहावी सकाळ घरी.

बोटीवर दोघींना मिळून एक खोली होती. दोन पलंग, एक गोल खिडकी, आणि न्हाणीघर असं की आत वळायचं तर आधी बाहेर यावं. पहिल्या संध्याकाळी पावणेसहाला धाकटीने केस विंचरले, चपला घातल्या.

"येते."

"ये."

धाकटी गेली आणि थोरली पलंगाच्या कडेवर बसली. बसली ती बसलीच. अर्ध्या तासाने तिच्या ध्यानात आलं की आपण दाराकडे तोंड करून, एक कान मागे ठेवून बसलोय, पातेलं शेगडीवर ठेवून बसतात तसं. ती स्वतःशीच म्हणाली, अगं बये, इथे उतू जाणार काय आहे? समुद्र?

तेवढ्यात सून दारात आली. "आई, वर डेकवर येता का? वारा छान आहे. काकू एकट्याच गेल्या वाटतं जेवायला?"

"चौतीस वर्षं एकटीच जेवली. आज काय नवीन?"

सून वर गेली, पण ते वाक्य काही गेलं नाही. सुपारीचं खांड दातात अडकावं तसं ते अडकून बसलं, आणि जीभ फिरून फिरून तिथेच जात राहिली.

धाकटी सात-सव्वासातला परत आली.

"काय होतं?"

"होतं काहीतरी. बरं होतं."

"टेबलाला कोण आहे?"

"चौदा नंबरचं टेबल. एक म्हातारा-म्हातारी. ते एकमेकांशी बोलतात, मी पाव खाते." एवढं सांगून धाकटी आडवी झाली. पहाटे चारला शेगडी पेटवायची सवय, त्यामुळे आठ वाजले की तिचे डोळे दुकानाच्या फळ्यांसारखे बंद व्हायचे.

साडेआठला थोरली मुलगा-सुनेबरोबर जेवली. जेवण चांगलं होतं, दुसऱ्याने केलेल्या जेवणाला तिने चांगलं म्हणावं इतकं चांगलं. पण घास तोंडात घोळत राहिला. धाकटीचा कुठला गुडघा कधी दुखतो ते तिला ठाऊक होतं. चपलेचं माप, तापात बडबडते ते, मेलेल्या नवऱ्यावर अजून कशासाठी रागावलेली आहे ते, सगळं ठाऊक. आणि ही बाई जेवते कशी, हे ठाऊक नाही. आधी काय खाते, मागाहून काय, पानात काही टाकते की नाही. पुढल्या महिन्यात ती जाणार आणि हे कधीच कळणार नाही. बोटीवरच्या पाच रात्रींतली एक तर आजच गेली. जाण्याआधी एकदा तरी तिच्याबरोबर जेवायला बसायचं, एवढं थोरलीने त्या ताटावर ठरवून टाकलं.

ठरवणं सोपं. पण मुलाला सांगावं तर तो म्हणणार, "का गं आई, ताप मोजायचाय का?" आणि धाकटीला सांगावं तर तोंड कुठल्या बाजूने उघडायचं? जा म्हणून पेटी काढून देणारी हीच. थुंकलेलं गिळायची वेळ थोरलीवर फारशी आली नव्हती, त्यामुळे तिला त्याचा सराव नव्हता.

दुसऱ्या दिवशी दहाला, "जरा पाय मोकळे करते," असं सांगून ती एकटीच जेवणघराकडे गेली. दाराबाहेर एका उंच मेजामागे काळ्या कोटातला मुख्य वाढपी उभा होता. कुणाला वेळ बदलायची असेल तर ती सकाळी त्याच्याकडून बदलून घ्यायची. थोरलीने पाहताक्षणी त्याला मनातल्या मनात मुकादम करून टाकलं. उभा राहायची तऱ्हाच तशी होती, काम दुसऱ्याचं आणि पोट स्वतःचं.

"मला सहाला बसायचंय. चौदा नंबरच्या टेबलाला."

मुकादमाने कागदावरून बोट फिरवलं. "सहाची बैठक भरलीय, मॅडम. साडेआठला जागा आहे. तुमच्या बरोबरच्यांना साडेआठला आणा ना."

"ती आठला झोपते. साडेआठला बसवली तर ताटात डोकं ठेवेल."

"मग त्यांनाच विचारून बघा, एखादा दिवस जागतील."

"तिला विचारायचं असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते, बाबा?"

मुकादमाने पेन खाली ठेवलं. मागे रांग होती, तरी तो घाई न करता म्हणाला, "हे बघा, प्रत्येक बैठकीत एक-दोन खुर्च्या आम्ही राखून ठेवतो. पण कारण लागतं. तब्येतीचं वगैरे. वेळेवर जेवावं लागतं, असं काही."

आजारपण हा कामचुकारांचा धंदा, असं थोरली जन्मभर म्हणत आली होती. तिने पदराआड न लपता, मान ताठ ठेवून सांगितलं, "साखर आहे मला. रक्तात."

"कधीपासून?"

"कालपासून."

मुकादमाने वर पाहिलं.

"कळलं कालपासून," थोरली म्हणाली. "असेल आधीपासूनच. असल्या गोष्टी काय वर्दी देऊन येतात?"

त्याने लिहून घेतलं. टेबल चौदा, खुर्ची चौथी, आणि पुढे आणखी काहीतरी लिहिलं. ते काय, हे विचारायचं तिला सुचलं नाही. काम झालं होतं.

संध्याकाळी पावणेसहाला धाकटीने केस विंचरले. थोरलीनेही विंचरले.

"तुम्ही कुठे निघालात, जाऊबाई?"

"फिरायला."

"आता?"

"फिरायला मुहूर्त लागतो का?"

दोघी निघाल्या. जिना आला, लांब गालिचा आला, काचेचं दार आलं. दारात धाकटी थांबली. "बरं, मी जाते आत," असं म्हणून ती गेली आणि आपल्या खुर्चीवर बसली. थोरली तिच्या मागोमाग गेली, चौथी खुर्ची ओढली आणि बसली.

थोरली बसली तशी धाकटी उठली.

हातात रुमाल, नजर स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराकडे, उजवा पाय पुढे. म्हातारा-म्हातारी वर बघायला लागले.

"कुठे चाललीस?"

"तुम्ही बसलात ना," धाकटी म्हणाली. पुढे टाकलेला पाय तिथेच राहिला.

"बस," थोरली म्हणाली. "इथे उतू जाणारं काही नाही. मी काल बघितलं."

धाकटी बसली, पण खुर्चीच्या कडेवर, उठायला सोपं पडेल अशी. आत कुठेतरी भांडं पडलं तेव्हा दोघींचीही मान एकदमच वळली.

"या तुमच्या कोण?" म्हातारीने विचारलं.

"मोठ्या जाऊबाई."

"वेगळ्या राहता?"

"छे, एकाच घरात."

"मग काल कशा नव्हत्या?"

"काल त्या दुसऱ्या पंगतीला होत्या," धाकटीने सांगितलं, जणू एवढ्यात सगळं आलं. म्हातारीने मान हलवली आणि नवऱ्याच्या ताटात बघितलं.

सूप आलं, पाव आला, भाजी आणि भात आला. थोरली खाता खाता बघत होती. धाकटी भरभर जेवत होती, कोपर अंगाशी धरून, समोर रांग लागली असल्यासारखी. आवडीचं आधी खात होती. थोरली आवडीचं शेवटाला ठेवणारी, तिला ते बघवेना. मग धाकटीने पाव घेतला, मधला मऊ भाग काढून खाल्ला आणि काठ ताटाच्या कडेला ठेवले. दुसरा घेतला. त्याचेही काठ ठेवले.

थोरलीचा घास हातात राहिला.

"ते काठ तुझे होते?"

धाकटी चावायची थांबली.

"खानावळीत. रोज दुपारी खरकट्याच्या बादलीत पावाचे काठ असायचे. मी भांडीवालीला बोलायची. वर्षानुवर्षं बोलले तिला, अन्नाचा माज आलाय म्हणून."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"मी तिला वाटीभर भाजी जास्त द्यायची, गप्प राहावं म्हणून," धाकटी म्हणाली. "काठ मला चावत नाहीत. दाढ दुखते."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगणार कधी? तुम्ही बसायचात तेव्हा मी शेगडीपाशी."

थोरलीने ते काठ उचलून आपल्या ताटात घेतले आणि रश्शात बुडवून खाल्ले. वाया घालवणं तिच्या रक्तात नव्हतं. रक्तात काय आहे, ते मात्र लगेच पुढे आलं. वाढप्याने सगळ्यांपुढे दुधाचं पुडिंग ठेवलं, वर जळक्या साखरेचा तपकिरी रस. थोरलीपुढे अर्धं उकडलेलं नासपती ठेवलं, बाजूला एक चिठ्ठी.

"हे काय?"

"तुमचं बिनसाखरेचं, मॅडम. नोंद आहे." वाढपी वाकून गेला.

गोडावर थोरलीचा जीव. तिने नासपतीकडे पाहिलं. नासपतीनेही तिच्याकडे पाहिलं असावं.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "तुम्हाला साखर कधी झाली?"

"काल."

धाकटीने चमचा खाली ठेवला. चिठ्ठी बघितली, खुर्ची बघितली, काचेच्या दाराकडे बघितलं. मग तिचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे. हसून झाल्यावर तिने डोळे टिपले आणि अर्धं पुडिंग कापून थोरलीच्या बशीत सारलं, नासपतीच्या पलीकडून, वाढप्याला दिसणार नाही असं.

"मला सांगितलं असतं तर मी साडेआठला आले असते."

"झोपली असतीस."

"झोपले असते," धाकटीने कबूल केलं. "पण आले असते."

थोरलीने पुडिंग खाल्लं. मग विचारलं, "लेकीकडे किती वाजता बसतात जेवायला?"

"नऊला. जावई उशिरा येतात."

"तुला जमायचं नाही. तिला सांग, मला सहाला लागतं म्हणून. आणि पावाचे काठ काढून दे म्हणावं. तू सांगणार नाहीस, माहीत आहे मला. मीच फोन करून सांगते."

"सहाला तर दवाखान्यात जेवतात," धाकटी म्हणाली, पुडिंगवरून नजर न काढता.

"जेवू देत. पचतं तरी."

बोलता बोलता आठ वाजून गेले, तरी धाकटीचे डोळे मिटले नव्हते. वाढपी पेले उचलायला लागला. आजूबाजूची टेबलं रिकामी झाली, म्हातारा-म्हातारीही उठली. काचेच्या दाराबाहेर साडेआठची माणसं जमू लागली होती. पेले उचलतात म्हणजे काय, हे थोरलीला कोणी सांगायला नको होतं. रेंगाळणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मागे ओलं फडकं घेऊन तीच उभी राहायची, आणि फडक्यानेही उठला नाही तर त्याच्या कोपराखालचं टेबल पुसायची. धाकटी सवयीने अर्धी उठली.

"बस."

"माणसं थांबलीयत, जाऊबाई."

"थांबू देत."

धाकटी बसली, या वेळी पाठ टेकून. थोरलीने उरलेलं नासपती मधोमध कापलं आणि एक फोड तिच्या बशीत ठेवली. मऊ होतं, दाढेला चालण्यासारखं. काचेपलीकडे मुलगा आणि सून आले होते. मुलगा आईला मागे रांगेत शोधत होता. मग त्याने सहज आत पाहिलं, आई आणि काकू एका टेबलाला दिसल्या, आणि तो तोंड उघडं टाकून बघतच राहिला. थोरलीने हात वर करून त्याला खूण केली, थांब, अजून आमचं व्हायचंय.