बाण सरळ, नट ढिला

मी एक पिवळा बाण बोलतोय. प्लास्टिकचा, बोटभर लांबीचा. ट्रकच्या चाकाच्या नटावर टोपीसारखा बसतो. शेजारच्या नटावर माझा जोडीदार. आम्ही टोकाला टोक लावून एकमेकांकडे बघत राहायचं, एवढंच आमचं काम. नट सैल होऊन फिरला की आमची तोंडं फिरतात आणि बघणाऱ्याला कळतं, की चाकाचं काही खरं नाही.

आमचा ट्रक मॉनहन गावच्या मॅलकीचा. मॉनहनची अळंबी डब्लिनच्या बंदरात बोटीपर्यंत पोचवायची, हा त्याचा धंदा. चालक डिम्पना, बावीस वर्षं ट्रक चालवून मुरलेली. रोज सकाळी चहाचा मग घेऊन ती ट्रकला फेरी मारायची. "काय रे पोरांनो, भांडला नाहीत ना?" असं आम्हाला विचारायची आणि उरलेला चहा चाकावर उपडा करायची. आम्हाला असं कोण विचारतं हो! मला ती फार आवडायची.

एका मंगळवारी चाक पंक्चर झालं. मेकॅनिक यूननने दुसरं चढवलं आणि बजावलं, "डिम्पना, पन्नास किलोमीटरवर थांब आणि नट पुन्हा आवळ. नवं चाक बसताना ढिलं पडतं."

"हो रे बाबा, पहिलंच चाक आहे का माझं?" ती म्हणाली. पण बोट गाठायची होती. ती थांबली नाही.

माझा नट हळूहळू फिरू लागला. बुधवारी सकाळच्या फेरीत ते दिसण्याइतकं नव्हतं. त्या दिवशी परतीला पाऊस लागला, चाकभर चिखल उडाला आणि मी वाकडं तोंड करून त्यातच वाळलो. ओरडायला तोंड नाही. वाकडं होणं हीच माझी हाक.

गुरुवारी सकाळी डिम्पना यायच्या आत मॅलकीनेच मला पाहिलं. हायसं वाटलं! त्याने मला उपटलं, सरळ केलं आणि परत नटावर दाबलं. पाच मिनिटांत सगळे बाण शिस्तीत. नटाला हातसुद्धा नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं बोलत होतो, आणि तेही डिम्पनाशी.

ती आली. आम्हाला पाहिलं, तपासणीच्या तक्त्यावर बरोबरच्या खुणा केल्या, चहा उपडा करायला वाकली आणि तशीच थांबली. चिखलात माझ्या आकाराची एक स्वच्छ जागा उरली होती. तिचं टोक भलतीकडेच होतं.

"मॅलकी! या बाणांना हात कुणी लावला?"

"मीच. वाकडे होते, सरळ केले. रस्त्यावर तपासणीवाले उभे आहेत म्हणे."

"आणि नट?"

मॅलकीने घड्याळाकडे बोट दाखवलं.

"मंगळवारी मी थांबले नाही, ती चूक माझी. पण तू ती झाकून ठेवलीस की रे! रोज माझ्या मागे कुणाची गाडी असते, ठाऊक आहे ना? तुझ्या आईची. चर्चला जाते बिचारी, माझ्या चाकाच्या भरवशावर."

मॅलकीचा चेहरा पडला. त्याने स्वतः लांब दांड्याचा पाना आणला. नट पक्का असला की तो पाना लगेच 'टक्' करतो. दहातले सहा नट टक् न करता फिरतच गेले. सातव्याचा तर बोल्टच मुळाशी तुटलेला निघाला.

तेवढ्यात फाटकासमोरून निळी गाडी गेली. म्हातारीने हॉर्न वाजवून लेकाला हात केला. त्याचे दोन्ही हात पान्यावर होते. तो नुसता बघत राहिला.

त्या दिवशी बोट चुकली. उपटताना मी तडकलो होतो, म्हणून माझ्या जागी नवा बाण आला. मला डिम्पनाने कचेरीत, तपासणीच्या तक्त्यांवर, खिळ्याला अडकवलं. मॅलकीची आई आली की विचारते, "हे पिवळं काय टांगलंय रे?" तो म्हणतो, "काही नाही, आई. चहा घेतेस?"

तुम्हाला मात्र सांगतो. माझा एखादा भाऊबंद वाकडा दिसला, तर हसा, रागवा, हवं तर शिव्या घाला. त्याला सरळ तेवढं करू नका. आधी पाना आणा.