कप्प्यातला निळा

मी रंग बोलतोय. जुन्या फियाटच्या समोरच्या कप्प्याचं झाकण असतं ना, त्याच्या आतल्या बाजूचा. फिकट निळा. म्हणजे मला आपलं तसं वाटायचं.

अमृतप्पांनी गाडी आणली तेव्हा नवी नवरी सिद्धव्वा शेजारी बसून खटकचिंचोळीला माहेरी गेल्या होत्या. पुढं दर दसऱ्याला त्या गाडीची पूजा करायच्या आणि उरलेली हळदीची पुडी याच कप्प्यात ठेवायच्या. गाडीचं गाडीतच राहू दे, म्हणायच्या. पुडी फुटायची, हळद माझ्या अंगावर. शुभच की, मी कशाला तक्रार करू?

अमृतप्पा गेले, गाडी उभीच राहिली. यंदा मुलानं, शरणबसवनं ठरवलं : गाडी अप्पांनी आणली तशीच करायची आणि आईला तिच्यात बसवून माहेरी न्यायचं. सिद्धव्वांचं शरीर आता थकलंय, पुन्हा जाणं व्हायचं नाही. पण त्यांना आधी सांगायचं नाही, एकदम दाखवायचं.

बाहेरचा रंग उन्हानं विटलेला. रंगारी मृत्युंजयअण्णा कप्पा उघडून म्हणाले, इथं ऊन लागलं नाही, हाच खरा. मी फुलून गेलो. अंधारात राहिलेल्याला स्वतःचा रंग कुठं दिसतो?

मग मला नमुना म्हणून सोडून बाकी गाडी पत्र्यापर्यंत घासायला घेतली. दाराचं रबर निघालं आणि त्याखालचा माझाच एक तुकडा उजेडात आला. त्याला ना ऊन लागलेलं, ना हळद. त्याच्याकडं पाहिलं तेव्हा कळलं, मी हिरवट झालोय. ओरडायला तोंड नव्हतं. पॉलिशपेपर फिरला, तो तुकडा धूळ होऊन उडाला.

नवा रंग माझ्याशी अगदी तंतोतंत जुळला.

सिद्धव्वा भिंत धरत बाहेर आल्या. "कुणाची गाडी आणलास रे?"

"अव्वा, आपलीच की. अप्पाची."

"अप्पाची निळी व्हती."

शरणबसवनं कप्पा उघडून दाखवला. त्यांनी मला बोटानं घासलं, बोट नाकाशी नेलं.

"ही हळद हाय, बाळा. माझ्याच हातची. मला इचारला कामून न्हाईस?"

त्या दार धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

शरणबसव म्हणतो, पुन्हा रंगवू. कशावरून रंगवणार? सिद्धव्वांना तो निळा कसा होता विचारलं तर त्या आभाळाकडं बघतात, मग असा नाही म्हणतात.

तुमच्याकडं अशी गाडी असेल, तर घासण्याआधी तिच्यात बसलेल्या माणसाला एकदा विचारा. आणि माझ्यासाठी एवढंच करा, हे झाकण लावून टाका. येणारे-जाणारे अजून मला बघून म्हणतात, वा, अगदी मूळचा.