शिवणीतली माया

बाबांच्या घशात घास अडकायला लागला, तेव्हा आईने सगळा दोष टाचण्यांवर टाकला. "चाळीस वर्षं तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाईकांशी बोलतात. गेली असणार एखादी आत!"

"माझी एकही टाचणी हरवलेली नाही," बाबा म्हणाले आणि घास पाण्याने ढकलला. पुढे पातळ करून ढकलला. पाणीही अडायला लागलं, तेव्हा कुठे दवाखान्यात गेले. अन्ननलिकेत, छातीच्या मधोमध, गाठ होती. कॅन्सरची.

आधी औषधं झाली, किरणं झाली. गाठ आक्रसली. मग सर्जनबाईंनी आमच्यासमोर कागदावर चित्र काढलं. छाती उघडायची नाही. बरगड्यांमधून चार आणि पोटावर पाच बारीक छिद्रं पाडायची, त्यांतून दुर्बीण आणि लांब दांड्यांची हत्यारं आत घालायची. गाठीसकट अन्ननलिका काढायची, जठराची नळी करायची आणि ती छातीतून वर ओढून गळ्यात उरलेल्या टोकाला शिवायची.

गिऱ्हाईकाने आणलेला फॅशनचा फोटो बघावा तसं बाबांनी ते चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"म्हणजे काजातून हात घालून अख्खा कोट शिवायचा."

"अगदी तसंच, मास्तर."

"जमतं तुम्हाला?"

"जमतं. पण शिवून झाल्यावर कोटाला काही करावं लागत नाही, तुम्हाला लागेल. दुसऱ्या दिवशी चालायचं, खोल श्वास घ्यायचा, खोकायचं. छिद्रं लहान आहेत, काम लहान नाही."

ऑपरेशन सात तास चाललं आणि नीट झालं. दोनच दिवसांत बाबा साध्या वॉर्डात आले. माझी ठकी तेव्हा आठ महिन्यांची होती. तिला पाजून निघायचं आणि पुढच्या पाजण्याच्या आत परतायचं, एवढाच वेळ माझा होता. घरी पोचेपर्यंत ओढणीखालचा कुडता दुधाने भिजलेला असायचा.

तिसऱ्या दिवशी बाबांना ताप आला.

पलंगाशी लांब वेणीची एक मुलगी प्लॅस्टिकचं खेळणं धरून उभी होती. तीन नळ्या, तीन गोळ्या. नळीतून श्वास ओढला की गोळ्या वर चढतात. ती छातीचे व्यायाम करून घेणारी; खोकताना छातीशी धरायची उशीही तिने आणून ठेवली होती. बाबांनी ओढलं. पहिली गोळी अर्ध्यावर गेली आणि खाली बसली.

"मास्तर, माझ्या भाचीने काल तिन्ही उचलल्या. ती चार वर्षांची आहे."

बाबा भिंतीकडे बघत राहिले.

सर्जनबाईंनी मला बाहेर बोलावलं. "शिवण उत्तम आहे. पण उजव्या फुप्फुसात खाली कफ साठलाय. ते खोकतच नाहीत, चालायलाही तयार नाहीत. उद्यापर्यंत छाती मोकळी झाली नाही, तर परत श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल. या वयात तिथून परत आणणं अवघड असतं. तुम्ही बोला त्यांच्याशी."

मला वाटलं, बाबांनी हाय खाल्ली. आत जाताना मी रागावायची तयारी करूनच गेले.

"बाबा, श्वास का घेत नाही तुम्ही?"

गळ्याच्या टाक्यांमुळे त्यांचा आवाज म्हणजे नुसती फुंकर झाली होती. "घेतोय की. वरच्या वर."

"वरच्या वर का?"

मीच वेडी असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, शिलाई मशीनखाली वाढलीस ना तू? ताज्या शिवणीला ताण द्यायचा असतो का? धागा बसू दे आधी. मी खोकलो आणि आतून उसवलं म्हणजे?"

तीन दिवस हा माणूस आलेला खोकला गिळत पडला होता. हाय कसली, पहारा देत होते ते!

मी धावत जाऊन सर्जनबाईंना जिन्यात गाठलं. "डॉक्टर, आत माया ठेवलीय का?"

"काय?"

"माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ना, ते. ते असलं की शिवण ताणाने उसवत नाही. बाबांना वाटतंय की खोकलं तर जोड सुटेल."

त्या हसल्या नाहीत. चार पायऱ्या उतरलेल्या परत चढल्या आणि बाबांच्या पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, नळी ताणून जोडलेली नाही. गळ्यापर्यंत आरामात पोचली, वर उरली."

"किती उरली?"

"दोन बोटं."

"उभी की आडवी?"

सर्जनबाईंनी स्वतःची दोन बोटं चादरीवर आडवी ठेवली. "काही जणांचा जोड गळतो, मी खोटं बोलणार नाही. तुमच्यावर आम्ही लक्ष ठेवून आहोत. पण तुमच्या खोकल्याने तो उसवणार नाही. न खोकल्याने मात्र तुम्ही जाल."

"टाका कसा घातलाय?"

"हाताने. मी स्वतः."

बाबांनी थोडा वेळ त्यांच्या बोटांकडे पाहिलं, कारागिराने कारागिराकडे बघावं तसं. मग वेणीवालीला म्हणाले, "आण ती उशी."

उशी छातीशी आवळून ते पहिल्यांदा खोकले. कपाट सरकवल्यासारखा आवाज झाला. डोळ्यांतून पाणी आलं.

"अजून, मास्तर!"

"देतो ना बाई, दम धर."

दुपारपर्यंत दोन गोळ्या वर गेल्या. मग छातीला लावलेल्या नळीची बाटली एका हातात आणि माझा खांदा दुसऱ्या हातात धरून ते पलंगावरून उतरले. खिडकीपर्यंत जाऊन परत आलं की एक फेरी. पहिल्या फेरीला ते म्हणाले, "पाठ झाली." दुसरीला, "समोरचे दोन भाग." मग एक बाही, दुसरी बाही. कॉलरला दम लागला म्हणून भिंतीला टेकले, पण बसले नाहीत. मला ठकीसाठी घरी पळावं लागलं. संध्याकाळी आईचा फोन आला, "काजाबटणांसकट शर्ट पुरा झाला म्हणून सांग म्हणतायत. काय गं हे? डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला?"

ताप उतरायला आणखी दोन दिवस गेले. सातव्या दिवशी रंगाचं औषध पाजून फोटो काढला. कुठेही गळत नव्हतं. आईने पहिला चमचा पाणी दिलं. ते बाबांनी तोंडात घोळवलं आणि सावकाश गिळलं. आई त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघत होती. "गेलं," ते म्हणाले.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट आठवड्याने आला. कडा स्वच्छ होत्या, पण जवळच्या एका लसीकाग्रंथीत आजार पोचलेला होता. सर्जनबाई दहातले किती जण पाच वर्षांनी कसे असतात ते सांगायला लागल्या. बाबांनी हात वर केला.

"डॉक्टर, मी सरासरी मापाचा शर्ट कधी शिवला नाही. मला परत कधी यायचं तेवढं सांगा."

"तीन महिन्यांनी."

"येतो."

आता घरात आजोबा-नात दोघं चमच्याने जेवतात, दर दोन तासांनी, थोडं थोडं, ताठ बसून. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही. नियम ठकी मोडते, बाबा मोडत नाहीत.

काल ते दीड महिन्याने मशीनवर बसले. टाचण्या मनगटावरच्या गादीत, तोंडात नाही. काम स्वतःचंच होतं. चौदा किलो वजन उतरल्याने पँट कमरेवर राहत नव्हती. त्यांनी ती चार इंच आत घेतली. आईने उचलून पाहिली.

"अहो, केवढं कापड आत! कापून टाका ना, टोचेल."

ती कात्री घेऊन पुढे आली, तसा बाबांनी तिचा हात धरला.

"ठेव ती खाली. लागणार आहे ते मला."

आणि टाका मोठा करून त्यांनी वरून शिवण मारली, उसवायला सोपी पडेल अशी.