लाल गाडीचं रनिंग-इन

"अवो, दूधवाला गेला की सायकलवरनं पुढं," रत्नाबाई म्हणाल्या. "स्वल्प जोरात घ्या की."

"जाऊ दे. त्याची सायकल जुनी हाय, आपलं इंजिन नवं हाय," व्यंकोजी म्हणाले आणि गाडी आणखी थोडी डावीकडे घेतली.

शहराच्या कडेचं येलहंका मागे पडलं होतं. समोर बळ्ळारीचा रस्ता सरळ पसरला होता, आणि त्यावरून ती लालभडक, दोनच सीटांची स्पोर्ट्‌स कार लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखी चालली होती. मागच्या काचेवर व्यंकोजींनी स्वतः रंगवलेला पुठ्ठा होता, ठळक इंग्रजी अक्षरांत 'रनिंग-इन'. गाडी नवी आहे, इंजिन अजून बसायचंय म्हणून हळू चाललोय, तुम्ही खुशाल पुढे जा, असा त्याचा अर्थ. लोक खुशाल जात होते. लॉऱ्या गेल्या, बस गेली, एका रिक्षावाल्याने तर मान बाहेर काढून, पेट्रोल संपलं का अज्जा, अशी कन्नडमध्ये चौकशी केली. व्यंकोजींनी त्याला हसून हात केला. राग यायचं कारणच नव्हतं. असली गाडी हाताखाली असताना हळू जाण्यात जो रुबाब आहे, तो त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

गाडी मुलाची, अभिमन्यूची. सॉफ्टवेअरमधल्या नोकरीत त्याने ती हौसेने घेतली, आणि आठवडाभरातच कंपनीने त्याला तीन महिन्यांसाठी अमेरिकेला धाडलं. निघताना त्याने किल्ली वडिलांच्या हातात ठेवली. "अण्णा, एवढं इंजिन बसवून द्या. दुसऱ्या कुणाच्या हातात देत न्हाई मी." व्यंकोजींनी हे वाक्य गल्लीत इतक्यांदा सांगितलं की शेवटी रत्नाबाई त्यांच्या आधीच ते म्हणून टाकायला लागल्या.

पण पोराने किल्ली दिली होती ती योग्य माणसाला. व्यंकोजींचा सगळा जन्म विमानाच्या सरकारी कारखान्यात, इंजिनं तपासायच्या शेडमध्ये गेला. नवं इंजिन लोखंडी चौकटीवर बांधायचं, चालू करायचं, हळूहळू चढवायचं, उतरवायचं आणि ऐकायचं. नवी चप्पल जशी घरातल्या घरात घालून मऊ करतात, तसलंच ते काम. इंजिन तयार झालं की ते विमानात जायचं आणि विमान वैमानिकाकडे. शेडमधल्या माणसांचा संबंध तिथे संपायचा.

अगदीच संपायचा नाही म्हणा. ते विमान पहिल्यांदा उडायचं त्या दिवशी शेडमधली सगळी मंडळी कुंपणाच्या भिंतीशी जाऊन उभी राहायची. आवाज पार विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग ज्याच्या हाताखालून ते इंजिन गेलेलं असे, तो म्हणायचा, "गेलं माझं." आणि मंडळी चहाचा पहिला कप त्याला द्यायची. व्यंकोजींचा जोडीदार दामोदर हा कप हातात देताना दर वेळी एकच म्हणायचा, "एकदा आपल्यालाबी बसवाया पायजे व्हतं त्यात." दामोदर बसायचा राहिला तो राहिलाच; निवृत्तीनंतर वर्षभरात गेला.

ते वाक्य व्यंकोजींच्या मनात घर करून होतं. आपण तयार केलेलं इंजिन आपल्याच पायाखाली एकदा, फक्त एकदा, पूर्ण सोडून बघायचं. म्हणून तर रोज पहाटे ही वरात निघत होती. वेग थोडा वाढवायचा, थोडा उतरवायचा, चढावर इंजिनाला रडवायचं नाही. पहिलं ऑइल काढलं तेव्हा त्यांनी ते दोन बोटांत चोळून उन्हात धरलं. धातूची बारीक चमक दिसली. "बघ, बसाया लागलंय," ते म्हणाले. रत्नाबाईंनी ऑइल बघितलं नाही, नवऱ्याचा चेहरा बघितला.

अभिमन्यू परत आला तेव्हा रनिंग-इन पुरं झालेलं होतं. व्हाइटफील्डला ऑफिसजवळ त्याने घर घेतलं होतं. रविवारी सामान आणि गाडी घेऊन तो जाणार होता. रविवारी पहाटे व्यंकोजींनी गाडी पुसली, पुठ्ठा काढला आणि किल्ली त्याच्यापुढे धरली.

"तुम्हीच चालवा," अभिमन्यू म्हणाला. "आज फुल स्पीड मारायचं. तुमच्या मनातलं आईनं सांगितलंय मला."

व्यंकोजींनी वळून बघितलं. रत्नाबाई दारातल्या रांगोळीत नको इतक्या गुंतल्या होत्या.

पहाटेचा बळ्ळारीचा रस्ता मोकळा होता. व्यंकोजींनी गाडी दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये घेतली आणि पाय दाबला. गाडीने अशी काही उचल खाल्ली की पाठ सीटला चिकटली. वारा कानांत घुसला, टायर घोंघावले, शेजारी अभिमन्यू ओरडून काहीतरी म्हणाला. व्यंकोजींनी कान टवकारले. वाऱ्याखाली इंजिन कुठे ऐकूच येईना. त्यांनी पाय उचलला आणि गाडी रस्त्याकडेच्या एका चिंचेखाली उभी केली.

"काय झालं, अण्णा? बिघडलं काय?"

"बिघडतंय कशानं?" ते उतरले. "तू ने. पार वळणापत्तूर, पूर्ण सोड. मी हितं थांबतो."

"पण तुम्हाला तर..."

"बसलो की रे मी. झालं माझं. आता ऐकू दे मला."

अभिमन्यू उतरून या बाजूला आला. "सरी, अण्णा, नेतो," म्हणाला आणि स्टिअरिंगमागे बसला.

गाडी सुटली. व्यंकोजींनी डोळे मिटले. पहिला, दुसरा, तिसरा. आवाज चढत गेला, कुठे खरखर नाही, कुठे अडखळणं नाही. चौथ्यात तो एका सुरात गाऊ लागला आणि नंदीच्या डोंगराकडे निघाला. इतकी निर्मळ इंजिनं शेडमधूनही फार गेली नव्हती. आवाज बारीक होत गेला, बारीक झाला, आणि मग नुसतीच पाखरं ऐकू यायला लागली.

व्यंकोजींनी डोळे उघडले. रस्ता रिकामा होता.

"गेलं माझं," ते म्हणाले, आणि सवयीने त्यांचा उजवा हात कपासाठी पुढे झाला.